पाणी सोडल्याची तारीख

तलावाच्या तपासणी नाक्यावर तिला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. तोंडावर ‘बाई’ आणि पाठ वळली की ‘चाळणी’. अकरा वर्षांत तिच्या हातून शेवाळाचा धागासुद्धा निसटला नव्हता, म्हणून चाळणी. ज्यांच्या होड्या तिनं नाक्यावरून परत धाडल्या होत्या ते आणखीही काही काही म्हणत, पण ते इथं सांगण्यासारखं नाही. होडीवाले तिला पाण्यात पाहत आणि ती त्यांच्या होडीत पाणी पाही, असा तो बरोबरीचा मामला होता. तिचे बाबा मात्र म्हणत, “चाळणी म्हणतात म्हणून फार फुशारू नकोस. चाळणीला भोकं असतात.”

काम तसं साधं होतं. दुसऱ्या कुठल्या पाण्यातून आलेली होडी इथल्या पाण्यात उतरायच्या आधी घासलेली हवी, तिच्यातलं पाणी सोडलेलं हवं आणि ती कोरडी ठणठणीत हवी. पाणी सोडून दहा दिवस झाले असतील तर होडीला हिरवं सील मिळे. आत पाणी सापडलं तर ते तिथल्या तिथे सोडायचं, होडी कढत पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायची आणि त्या तारखेपासून तीस दिवस लाल सील लावून नाक्याच्या अंगणात उभी करायची. मग मालकानं कितीही आदळआपट केली तरी एकतिसावा दिवस उजाडल्याशिवाय सुटका नाही.

एवढा बाऊ कशाचा, तर नखाएवढ्या शिंपल्यांचा. ते मोठे झाल्यावर नखाएवढे. पिल्लं असतात तेव्हा डोळ्यांना दिसतही नाहीत, पेलाभर पाण्यात हजारो मावतात. सात तासांच्या वाटेवर एक मोठा तलाव होता, त्याला सगळे वरचा तलाव म्हणत, आणि तिथे काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी होडीतून ही पाहुणीमंडळी आली ती घरजावई होऊन बसली. आता तिथे काठावर अनवाणी चालता येत नाही, पाय कापतात. मासे गेले, पाण्याला वास आला, गावाचे नळ महिना महिना बंद पडू लागले. चाळणी तिथे शिकायला गेली होती तेव्हा तिनं तिथल्या पाइपाचा एक वीतभर तुकडा मागून आणला होता. शिंपल्यांनी इतका गच्च भरलेला की आत करंगळी जात नसे. तो तुकडा तिच्या टेबलावर कागद दाबायला असे, आणि कुणी फारच हुज्जत घातली तर ती काही न बोलता तो त्याच्या हातात देई.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता नाक्यावर जी होडी आली ती तिनं लांबूनच ओळखली. आपलं माणूस चालीवरून ओळखावं तशी. पुढून किंचित उचललेली, कडेला दुहेरी पट्टी. बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलेली शेवटची होडी होती ती. पुढे सांधे धरले, रंधा हातात राहीना, आणि बाबांनी ती विकून टाकली. त्याला आता वीस वर्षं झाली. गाडी चालवत होता तिचा धाकटा भाऊ, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू होडी त्यानंच बांधली होती.

“सापडली की नाही ताई? बोललो होतो ना, शोधून काढीन!”

“कुठं होती?”

“त्याच. वरच्या तलावात.” तो जरा ओशाळला. “पण तू घाबरू नकोस. मी तिला चांगली घासूनपुसून आणलीय. तुझ्या धाकानं हो.”

घाई का होती तेही सांगायला हवं. बाबांचं हृदय थकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, परवा छाती उघडायची होती, आणि डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की वय बघता काही खात्री देता येत नाही. बाबांनी कशाचीच मागणी केली नव्हती. फक्त एकदा, आमटी जास्त खारट झालीय म्हणावं इतक्या सहज, ते म्हणाले होते, “त्या होडीत एकदा बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.” धाकट्यानं ते मनावर घेतलं होतं. आज पाच वाजता बाबांना घेऊन तो होडी पाण्यात उतरवणार होता.

चाळणीनं होडी तपासली. वरवर नाही, नीट तपासली. बुडाखाली आडवी पडून बॅटरी मारली, लाकडावरून उलटा हात फिरवला, कारण बोटांपेक्षा हाताची मागची बाजू खरखरीत लवकर ओळखते. लाकूड गुळगुळीत होतं. मागच्या बुचाचं भोक उघडं आणि कोरडं होतं. मोटर नवीकोरी, खोक्यातून काढलेली. पुढच्या बाजूला पाण्याच्या रेषेवर तीन बारीक भोकं होती. ती बघून तिला हसूच आलं. आतल्या बाजूला बाबांनी जिवंत मासे ठेवायची पेटी केली होती, आणि पेटीतलं पाणी ताजं राहावं म्हणून ती भोकं. लहानपणी ती त्यांत काड्या घाली आणि धपाटे खाई. आता पेटीवर कुणीतरी गादीचं आसन बसवलं होतं, चार स्क्रूंनी घट्ट.

स्क्रूड्रायव्हर तिच्या खिशातच होता. पण मागे पाच गाड्यांची रांग लागली होती, आणि धाकटा म्हणत होता, “ताई, बाबा सकाळपासून दाढी करून बसलेत.”

“पाणी सोडलंस ना रे?” तिनं फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

“केव्हाच! आज दहावा दिवस.”

तिनं ‘पाणी सोडले’ या रकान्यापुढे दहा दिवसांपूर्वीची तारीख घातली, होडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये हिरव्या सीलची तार ओवली आणि पकडीनं दाबली. फाटकवाले काका फाटक उचलताना म्हणाले, “आज पहिल्यांदा बाईंना तपासताना हसताना पाहिलं.” काकांना वाटलं आपण कौतुक करतोय.

दुपारभर ती खुशीत होती. एका जाळं लपवून आणणाऱ्याला तिनं फक्त एकदाच झापलं. सव्वाचारला टेबलावरचा फोन वाजला. बाबा होते.

“काय ग, पाणी सोडलंस की नाही अजून?”

हे त्यांचं रोजचंच. बाबा तरुणपणी होडी चालवायचे, मग बांधायला लागले. आणि त्यांच्या घरात ‘पाणी सोडलं’ म्हणजे होडी काठाला ओढली, काम संपलं, आता घरी. संध्याकाळी आई खिडकीतून बघून म्हणे, “बाबांनी पाणी सोडलं, ताटं घ्या.” शाळा सुटली की शाळेनंही पाणी सोडलेलं असे. धाकट्यानं पहिली नोकरी सोडली तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं होतं की पोरानं पाणी सोडलं, आणि शेजारीण घाबरून धावत आली होती.

“नाही बाबा, अजून अर्धा तास तरी...”

 हातातलं पेन तिनं खाली ठेवलं.

सकाळी तिनं कचेरीच्या भाषेत विचारलं होतं आणि त्यानं घरच्या भाषेत उत्तर दिलं होतं. दहा दिवसांपूर्वी धाकट्यानं तलाव सोडला होता. होडी काठावर घेतली होती. आतलं पाणी सोडलं की नाही, ते कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, पण ते शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

“... छोट्यानं गाडी वळवली बघ,” बाबा पलीकडून सांगत होते. “डॉक्टर म्हणतो धक्का बसता कामा नये, आणि हा मला धक्क्यावरच घेऊन चाललाय. तू सरळ तिकडेच ये.”

“बाबा, थांबा, छोट्याला फोन द्या...”

पण आपलं बोलणं संपलं की फोन ठेवायचा ही बाबांची जुनी सवय. तिनं उलट फोन लावला. घरात नुसती घंटा वाजत राहिली, बाबा बाहेर पडले असणार. धाकट्याला लावला. तोही वाजत राहिला. ट्रेलर जोडलेला असताना फोन उचलायचा नाही, हे तिनंच त्याला शिकवलं होतं, चांगलं दरडावून.

 तिनं स्वतःला सांगितलं, कदाचित पेटी रिकामी असेल. आधीच्या मालकानं कधीच रिकामी केली असेल. फॉर्मवर त्याचा नंबर होता. तो लगेच लागला.

“बूच? मागचं काढलं की आम्ही,” तो माणूस म्हणाला. “पुढे कुठली पेटी? पुढे तर बसायची गादी आहे. आम्ही घेतली तेव्हापासून तशीच आहे बाई.” मग जरा थांबून त्यानं भर घातली, “एक आहे, पुढून होडी जरा जड लागायची. आम्हाला वाटलं लाकडाचंच वजन.”

लाकडाचं वजन नव्हतं ते. तीन भोकांतून वर्षानुवर्षं आत आलेलं वरच्या तलावाचं पाणी होतं. काठावर ओढलेल्या होडीत ते भोकांच्या खालच्या पातळीपर्यंत तसंच बसून राहतं, गादीखाली, सावलीत, आणि त्यातलं सगळं जिवंत राहतं. होडी इथे तरंगली की भोकं पुन्हा पाण्याखाली. बूच काढायचीही गरज नाही. आतलं बाहेर, बाहेरचं आत. पहिल्या हिंदकळ्यालाच खेळ खलास.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साऱ्या जगाच्या होड्यांचे कानेकोपरे चाळणाऱ्या बाईला स्वतःच्या बापानं केलेली पेटी उघडून बघावीशी वाटली नाही.

तिनं काकांना दोन वाक्यांत सांगितलं. काकांनी फाटकाचा दांडा धरून डोकं खाजवलं.

“आज एक दिवस जाऊ दे ना बाई,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाचं उद्याचं काय सांगावं? आणि कोण बघतंय? एका होडीनं काय होतं?”

तिनं टेबलावरचा पाइपाचा तुकडा उचलला आणि पुन्हा ठेवला. “काका, तिथेही एकच होती.” मग तिनं स्कूटरची किल्ली घेतली. “साहेबांना फोन लावा. सांगा की माझ्या हातून चुकीचं सील गेलंय.”

“अग, आधी बघून तर ये. काही नसलं तर उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?”

“आत्ता लावा. मी निघायच्या आत. नाहीतर वाटेत माझा विचार बदलेल.”

हे ती गंमत म्हणून बोलली नव्हती.

नाक्यापासून धक्क्यापर्यंत रस्ता तलावाच्या कडेकडेनं जातो, वळणावळणानं, वीस मिनिटांचा. धक्क्यावरच्या कचेरीत चारनंतर कुणी नसतं. हिरवं सील असलेल्यांसाठी साखळी काढून ठेवलेली असते. ती चाळणीवर विश्वास ठेवूनच. स्कूटर जितकी पळत होती तितकी तिनं पळवली आणि सगळा वेळ तिच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, एक तास. एकच तास बाबांना फिरवू दे, मग होडी बाहेर काढ, पेटी उपस, कुणाला पत्ता लागणार नाही. शिंपले यायला दोन वर्षं लागतील आणि तोवर शंभर होड्या आलेल्या असतील, कुणाची ते कोण सांगणार? साहेबांना काय, फोन खोटा ठरवता येतो. आणि बाबा परवा टेबलावरून उठलेच नाहीत तर? तर जन्मभर तुला आठवत राहील की त्यांना होडीतून खाली उतरवणारी तू होतीस.

दुसरं माणूस काहीच बोलत नव्हतं. ते फक्त तो पाइप दाखवत होतं.

मधल्या खाडीच्या वळणावर समोरचा काठ मोकळा दिसतो. तिनं मान वळवली. धाकट्याची गाडी धक्क्याच्या उतारावर आडवी होऊन मागे वळत होती. ट्रेलरवर होडी, आणि होडीत पांढरी टोपी घातलेलं कुणीतरी ताठ बसलेलं. बाबा होडीत आधीच चढून बसले होते. साहजिकच आहे, ते कधी काठावर उभं राहून होडी उतरवू देणाऱ्यांतले नव्हतेच. खाडीला वळसा घालायला अजून चार मिनिटं होती. पाण्यावरून सरळ हाक मारली तर शब्द कळले नसते, नुसता आवाज गेला असता. तिनं हाक मारली नाही. तिनं स्कूटर दामटली.

ती पोचली तेव्हा ट्रेलर उताराच्या शेवटच्या टप्प्यावर होता. चाकांपासून पाणी फार तर चार हात. धाकटा खिडकीतून मागे बघत इंच इंच गाडी सोडत होता. तिनं स्कूटर तशीच आडवी टाकली, आणि गेली अकरा वर्षं दिवसातून पन्नास वेळा जे शब्द तोंडात येत होते तेच आपोआप ओरडली.

“बाबा! पाणी सोडलेलं नाही!”

बाबांनी वळून बघितलं. चेहरा उजळला. त्यांनी टोपी काढून हवेत हलवली.

“अग, अजून पाण्यात गेलो कुठं सोडायला!” ते आनंदानं ओरडले. “ये ये, तुझ्यासाठी जागा ठेवलीय!” आणि त्यांनी धाकट्याला हातानं खूण केली, घे, घे, अजून मागे.

ट्रेलर दोन हात सरकला.

आता तिला कळलं की शब्दांवर विसंबून चालणार नाही. ती उतारावरून धावत सुटली, ट्रेलरच्या कडेनं, शेवाळ्यावर पाय घसरून एकदा गुडघ्यावर आपटली, उठली, आणि ट्रेलरच्या मागे गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. दोन्ही तळहात होडीच्या मागच्या फळीवर टेकवून. वीतभर अंतरावर ट्रेलरचा लोखंडी दांडा होता.

“ताई!” बाबांचा आवाज बदलला. “छोट्या, थांब! ब्रेक लाव! ताई मागे आहे!”

गाडी कचकन थांबली. होडी ट्रेलरवर हलली, आणि त्या क्षणी चाळणीला होडीच्या पुढच्या पोटातून आवाज ऐकू आला. डबक्! मग परत, हलकेच. तो बाबांनीही ऐकला.

बाबांचा हात छातीवर गेला होता. तिला वाटलं, झालं, आपण शिंपले थांबवायला आलो आणि बाबांना मारलं. पण बाबा फक्त शर्टाच्या खिशातला चष्मा काढत होते. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी खाली गादीकडे बघितलं.

धाकटा दार उघडून धावत आला.  “वेड लागलंय का तुला? आणखी एक हात मागे आलो असतो तर? काय झालं काय?”

“पेटीत पाणी आहे. वरच्या तलावाचं.”

“पण सकाळी तूच सील लावलंस!”

“हो.”

“मग मी खोटं बोललो म्हणतेस?”

“तू खरंच बोललास रे,” ती म्हणाली.  “तू आपल्या घरातलं बोललास. मी कचेरीतलं ऐकलं. चूक माझी आहे. पेटी मी उघडायला हवी होती, उघडली नाही.”

 धाकट्याला उमजलं, आणि राग कमी होण्याऐवजी वाढला, कारण आता तो काढायला कुणी उरलं नव्हतं. “दहा दिवस,” तो म्हणाला. “दहा दिवस मी या दिवसासाठी धावतोय. उद्या सात वाजता...” पुढचं त्याला बाबांसमोर बोलता येईना. “एक तास, ताई. एक तास होडी पाण्यात गेली तर काय आभाळ कोसळणार आहे? तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?”

“साहेबांना सांगून आलेय.”

“सांगूनसुद्धा आलीस!”

“स्क्रूड्रायव्हर दे,” बाबा म्हणाले.

 तिनं तो वर दिला. बाबांचे हात सांध्यांनी वाकडे झाले होते, पण ते चार स्क्रू त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिले नाहीत. प्रत्येकाला वेळ लागला. धाकटा ओठ चावत उभा राहिला आणि ती पाण्यात तशीच उभी राहिली, तळहात फळीवर, जणू ते काढले तर होडी आपणहून सुटेल. गादी निघाली. खालचं झाकण बाबांनी नखानं उचललं. वास आला, जुन्या फुलदाणीतल्या पाण्याचा.

बाबांनी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. ते पेटीच्या भिंतीवरून बोटं फिरवत होते, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्यांचा चेहरा हळूहळू आक्रसला.

“ही मी रंधा मारून काचेसारखी केली होती,” ते म्हणाले. “माशाचं अंग सोलवटू नये म्हणून. आठ दिवस घासत होतो.” त्यांनी हात बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. नखाखाली तपकिरी पट्ट्यांचं एक बारीकसा शिंपला अडकला होता. “आता मांजराच्या जिभेसारखी लागतेय. हे माझं काम नव्हे.”

 मग बाबा म्हणाले, “छोट्या, गाडी वर घे. ताई, तू बाजूला हो आधी. आणि माझ्याकडे असं बघू नका दोघं, मी अजून आहे.”

गाडी उतार चढून वर आली, पार वरपर्यंत, जिथून सांडलेला थेंबही तलावाकडे वाहून जाणार नाही अशा खडीच्या मैदानात. धाकट्यानं डिकीतून बादली आणली. पेटीचं बूच होडीच्या पोटाखाली होतं. बाबांनी होडीतून उतरून, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून, स्वतः वाकून ते धरलं. वीस वर्षं फुगून बसलेलं लाकूड. पहिल्यांदा हललंच नाही. ते थांबले, श्वास घेतला. तिला म्हणावंसं वाटलं, बाबा, राहू दे, आम्ही करतो. ती म्हणाली नाही. दुसऱ्या वेळी बूच सुटलं आणि काळसर पाणी धो धो बादलीत पडू लागलं. पाऊण बादली भरली. तिनं बादलीवर झाकण दाबलं. नाक्यावर नेऊन तिच्यात कढत पाणी ओतायचं होतं, आणि होडीही तिथेच धुवायची होती.

मग तिनं खिशातली पकड काढली आणि सकाळी स्वतःच ओवलेली हिरवी तार कापली. लाल सील ओवताना तार दोनदा निसटली. धाकट्यानं ते बघितलं आणि तार धरून दिली. पण त्याचा आवाज अजून कडवटच होता.

“तीस दिवस,” तो म्हणाला. “म्हणजे बाबांनी आता होडीवर पाणी सोडायचं.”

हे ऐकून तिला रडू आलं, दिवसात पहिल्यांदा. कारण ते खरं होतं, आणि ते तिनं केलं होतं. “बाबा, मी तुमची एवढी एक गोष्ट...” ती म्हणाली.

बाबा होडीच्या कडेला टेकून उभे होते. त्यांचा श्वास अजून चढलेला होता. उतरत्या उन्हात खाली तलाव दिसत होता, आणि ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. त्यांना किती वाईट वाटलं ते त्यांनी लपवलं नाही. डोळे पुसले, तेही उघड उघड, टोपीनं.

“दोघांना मिळून एक भाषा धड येत नाही,” ते शेवटी म्हणाले. “तिनं होडीतलं पाणी सोड म्हटलं होतं, गाढवा. होडीवर सोड म्हटलं नाही.” मग ते तिच्याकडे वळले. “तीस दिवस कधीपासून मोजता तुम्ही?”

“पाणी सोडल्याच्या तारखेपासून.”

“म्हणजे आजपासून. आणि दवाखान्यातले दिवस? ते धरून की सोडून?”

तिला क्षणभर कळेना ते काय विचारताहेत. मग कळलं. “धरून,” ती म्हणाली.

“मग ठीक आहे. तिकडे मी, इकडे ही. वाळत पडू दोघं.” त्यांनी हात पुढे केला. “फॉर्म काढ.”

तिनं होडीच्या कडेवरच नवा फॉर्म ठेवला. ‘लाल सीलचे कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं, ‘पेटी न उघडता हिरवे सील दिले. तपासनिसाची चूक.’ त्याखाली सही केली. मग ‘पाणी सोडले’ या रकान्यापुढे आजची तारीख घातली, आणि त्याच्या शेजारी, ‘होडी सोडण्याची तारीख’ या रकान्यापुढे, बोटांवर मोजून, तीस दिवसांनंतरची. होडीच्या गोल कडेवर आकडे वाकडेतिकडे आले.

बाबांनी चष्मा नीट केला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

“खोड ते,” ते म्हणाले. “अक्षर नीट काढ. त्या दिवशी मला वाचता आलं पाहिजे.”